वरचा कप्पा

सर, तुमचा मासे धरायचा रॉड आता आमच्या हॅरोच्या घरात दारामागे, छत्र्यांच्या शेजारी उभा आहे. परवा आमच्या पाच वर्षांच्या चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, हा काठी कोणाचा?" मी म्हटलं, "सरांची." "सर कुठे आहे?" शाळेला उशीर होतोय असं सांगून मी त्याला बूट घालायला लावले.

तुम्हाला जाऊन पाच आठवडे झाले. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्याबद्दल लिहाल का, असा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर घाबरलो. तुमच्या पदव्या, तुमचं काम, तुम्ही किती जणांना या देशात पायावर उभं केलंत, हे सगळं इतर लोक माझ्याहून चांगलं लिहितील. मला तुमच्याशीच बोलायचं आहे. चौदा वर्षांत एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. राहिली हेही खरं नाही. मी ती लपवली. आणि ज्यांच्यापासून लपवली त्यांतले बरेच जण हा अंक वाचतात, म्हणून ती इथेच सांगणं मला योग्य वाटतं.

मी तुमच्या गावी पहिल्यांदा उतरलो तो त्र्याऐंशीचा जानेवारी होता. उत्तर स्कॉटलंडमध्ये दुपारी चारला दिवे लागलेले. स्टेशनवर तुम्ही स्वतः आला होतात, हातावर एक जास्तीचा कोट घेऊन. "हा घाल. तुझा कोट औरंगाबादच्या थंडीचा आहे," हे तुमचं मला उद्देशून पहिलं वाक्य. मी तुमच्या हाताखाली भूलशास्त्र शिकायला आलेला ज्युनियर. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलेलं नव्हतं, आणि इथे एक कन्सल्टंट माझी ट्रंक एका बाजूने उचलून जिना चढत होता. तुम्हाला ते आठवतही नसेल. मला त्या ट्रंकेच्या कडीवरची तुमची बोटं अजून दिसतात.

पहिल्याच शनिवारी तुम्ही घरी जेवायला बोलावलंत. त्याआधी महिनाभर मी हाउन्सलोला एका मित्राच्या खोलीत ब्रेड आणि बेक्ड बीन्स खाऊन काढला होता. मालतीवहिनींनी वरणभात वाढला, वर तुपाची धार, शेजारी वांग्याची भाजी. वाढता वाढता त्या म्हणाल्या, "तू खातोस ना रे सगळं? म्हणजे आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. पण तुला सवय असली तर बाहेर खुशाल खा हो, उगाच उपाशी राहू नकोस."

तुम्ही हसलात. "अगं, त्याला काय विचारतेस? आपल्यातलाच आहे तो, दिसतंय की."

मी वरणभाताकडे बघत म्हणालो, "नाही वहिनी, आमच्याकडे चालत नाही."

सर, आम्ही भोई. आमचे आबा गोदावरीत मासे धरायचे आणि आई ते टोपलीत घालून तालुक्याच्या बाजारात विकायची. मरळ, वाम, रोहू यांवर मी वाढलो आणि त्यांच्यावरच शिकलो. शाळेत पोरं बाकावरून माझ्यापासून सरकून बसायची. मेडिकलच्या हॉस्टेलवर माझ्या रूममेटने माझी ट्रंक व्हरांड्यात काढून ठेवली होती, आतल्या कपड्यांना वास येतो म्हणून. आत धुतलेले दोन शर्ट आणि ॲनाटमीचं पुस्तक होतं. माझं आडनाव गावाच्या नावावरून पडलेलं आहे, त्यावरून कुणाला काही कळत नाही. ट्रंक आत घेतली त्या दिवसापासून मी हे सोयीचं मानत आलो.

तुम्ही त्या रूममेटसारखे नव्हतात. खरं सांगितलं असतं तर तुम्ही एवढंच म्हणाला असतात, "अरे वा! मग मला मरळीबद्दल सांग." हे मला आज कळतं. त्या शनिवारी मला फक्त एवढंच दिसत होतं की समोर महिन्याने गरम जेवण आहे, आणि ते वाढणारी माणसं मला आपलं म्हणताहेत.

मे महिन्यात तुम्ही मला लॉखवर नेलंत. चारी बाजूंना काळपट टेकड्या, मध्ये ते लांबट तळं, आणि काठावर आंगस त्याची हिरवी बोट घेऊन उभा. आंगस तेव्हा साठीचा होता. सबंध दिवसात तो दहा वाक्यं बोलायचा, त्यांतली सात वाऱ्याबद्दल असायची. तो मधल्या फळीवर वल्ह्यांशी, तुम्ही एका टोकाला, मी दुसऱ्या. बोट आडवी करून वाऱ्याबरोबर वाहू द्यायची आणि समोरच्या लाटेवर गळांना बांधलेल्या पिसांच्या खोट्या माश्या अलगद टाकायच्या, एका दोरीला तीन. त्या पिसांना वजन नसतं, म्हणून दोरीचंच वजन हवेत मागे न्यायचं, क्षणभर थांबायचं आणि पुढे सोडायचं. ते थांबणं जमलं की सगळं जमलं, असं तुम्ही म्हणायचात.

"कधी मासे धरलेस का रे?" तुम्ही विचारलंत.

"नाही, सर."

"उत्तम. म्हणजे वाईट सवयी नाहीत."

पाच मिनिटांत तुम्ही ओरडलात, "अरे, मनगट! मनगटाने टाक. तो खांदा कशाला सबंध फिरवतोयस? गोफण आहे का ती?"

"कॉलेजात बोलिंग टाकायचो, सर."

"लेगस्पिन असणार. विसर ती आता, मॅच संपली."

मी आयुष्यात कधी क्रिकेटचा चेंडू धड टाकलेला नाही. तो खांदा फेकजाळ्याचा होता. जाळं कोपरावर घेऊन, त्याची कड दातांत धरून, कमरेपासून गर्रकन वळून ते पाण्यावर थाळीसारखं उघडायचं असतं. आबांनी मला नवव्या वर्षी शिकवलं होतं. डोक्याने मी ते विसरायला निघालो होतो, खांदा तयार नव्हता. तुम्ही दर रविवारी त्या खांद्याशी भांडलात. एकदा तर तुम्ही माझा दंड बरगडीशी दाबून धरायला एक जुना टाय आणलात आणि मला चक्क बांधून ठेवलंत. आंगस वल्ही थांबवून बघत राहिला होता.

त्याच बोटीत तुम्ही माझी परीक्षा घेतलीत. भूलशास्त्राच्या पार्ट वनला मी दोनदा नापास झालो होतो आणि परत जायच्या गोष्टी करत होतो. पुढच्या रविवारी, दोरी हवेत असतानाच, मागे न बघता विचारलंत, "क्युरारे उतरवायला काय द्याल, डॉक्टर?" मी गडबडलो, माशी टोपीत अडकली. "पेशंट गेला," तुम्ही म्हणालात. "पुन्हा." सबंध उन्हाळाभर तसंच चाललं. वाऱ्यात ओरडून ओरडून उत्तरं द्यायची सवय झाल्यावर परीक्षकांच्या टेबलासमोर बसणं फार सोपं गेलं. पास झाल्याचा फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, "छान. आता एखादा मासाही धर." त्या टेबलावरून मी आज जो काही आहे तो उठून आलो, सर. हे मी तुम्हाला एकदाही नीट सांगितलं नाही. दर दिवाळीला कार्ड पाठवायचो आणि त्यात 'आपला नम्र' लिहायचो.

आता त्या दिवसाबद्दल. दुसऱ्या वर्षीचा जून. तोवर तुम्ही एखाददुसरा ट्राउट आंगससाठी ठेवायचात, बाकीचे सोडायचात. त्या दिवशी माझ्या दोरीला एक चांगला लागला. बोटीशी आणला तर गळ थेट कल्ल्यात रुतलेला, पाण्यात रक्त. त्याला सोडून उपयोग नव्हता.

"अरेरे," तुम्ही म्हणालात. "थांब, आंगसकडे दे."

पण माझ्या हाताने वाट पाहिली नाही. डावी मूठ माशाच्या अंगावर, उजवा अंगठा त्याच्या तोंडात, मान मागे. एका झटक्यात संपलं. आबा तसं करायचे. धरलेल्या जीवाला तडफडत ठेवू नये, असं त्यांचं सांगणं असे.

मान वर केली तर तुम्ही माझ्याकडे टक लावून बघत होतात. मला वाटलं, सापडलो. आणि खरं सांगतो, थोडं हलकंही वाटलं. आता लपवायचं काम संपलं.

तुमचा चेहरा पडला होता. तुम्ही टोपी काढलीत आणि म्हणालात, "माफ कर मला."

"काय झालं, सर?"

"तुझ्या घरात कुणी असलं काही बघितलंसुद्धा नसेल. माझ्या हौसेपायी आज तुझ्या हातून जीव गेला. त्याचे हाल होऊ नयेत म्हणून तू ते केलंस, कळतंय मला. पण ते तुझ्यावर यायला नको होतं."

"नाही सर, तसं काही..."

"काही बोलू नकोस. माझी चूक आहे."

तेव्हा सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं. तुम्ही उघड्या डोक्याने समोर बसला होतात आणि मी, भोयाचा मुलगा, मासा मारल्याबद्दल तुमची माफी स्वीकारत होतो. मी म्हणालो, "असू दे, सर." आंगस पाण्याकडे बघत वल्ही मारत राहिला.

पुढच्या रविवारी तुम्ही पक्कड घेऊन आलात. गळाच्या टोकाला जो उलटा काटा असतो, ज्यामुळे मासा सुटत नाही, तो तुम्ही एकेका माशीचा दाबून सपाट करत गेलात. "असं केलं की गळ अलगद निघतो. आजपासून आपल्या बोटीत मारामारी बंद." त्यानंतर मी कार्डिफला गेलो, मग लंडनला आलो, पण दर मे महिन्यातला आठवडा तुमच्याकडेच काढला आणि त्या बोटीत पुन्हा एकही मासा मेला नाही.

आपलं भांडण मात्र दर वर्षी तुमच्या अंगणात व्हायचं. मी म्हणायचो, "सोडायचाच तर धरायचा कशाला, सर?"

"भेटायला."

"त्याला विचारलंत का, त्याला भेटायचंय का?"

"तू मला भेटायला येतोस तेव्हा मी तुला ठेवून घेतो का? जेवायला घालतो आणि सोडतो."

"माझ्या तोंडात गळ नसतो, सर."

"वहिनींच्या वांग्याची भाजी काय मग?"

वहिनी खिडकीतून ओरडायच्या, "ऐकू येतंय मला!"

हे भांडण मला कधी धड भांडता आलं नाही. मला म्हणायचं होतं की मासा हे अन्न आहे, त्याच्याशी खेळू नये, भूक असेल तेवढं घ्यावं आणि घेतलेलं वाया घालवू नये. आमच्या घरात याला धर्मासारखं मानायचे. पण ज्याच्याकडे मासा चालतच नाही त्याने हे कोणत्या तोंडाने बोलावं? तुमच्याकडून परतताना मी पहिल्या गावात गाडी थांबवून कॉड मासा आणि व्हिनेगर शिंपडलेले चिप्स घ्यायचो, काचा खाली करून खायचो. एकदा येतानाच खाल्लं, आणि वहिनींनी गाडीत डोकावून विचारलं, "कसला रे वास, व्हिनेगरचा?" मी म्हटलं, "सीट पुसल्या त्याने." वहिनी तुम्हाला म्हणाल्या, "शिका जरा. किती टापटीप आहे मुलगा."

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात आबा आले, नातवाच्या बारशाला. तुम्हाला कळल्यावर तुम्ही फोन केलात. "त्यांना घेऊन ये. लॉख दाखवू. दोघं म्हातारे बोटीत बसून तुझ्याबद्दल वाईट बोलू." तुमच्या आवाजात खरा आनंद होता. तुम्ही पाहुण्यांच्या खोलीतला पलंग बदलणार होतात, आबांना उंच लागेल म्हणून.

आबांनाही तुम्हाला भेटायचं होतं. त्यांच्यापुढे मी काही लपवलेलं नव्हतं, तुम्ही मासे धरता हे त्यांना ठाऊक होतं. रोज विचारायचे. "तुझे सर मासे धरतेत म्हणं? बघू तरी कसे धरतेत ते."

"धरून सोडून देतात, आबा."

"सोडून देतेत?" ते खूप हसले. डोळे पुसून पुन्हा हसले. मग संध्याकाळी, नातवाला मांडीवर घेऊन बसले असताना, आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "म्हणजे मास्याला जपतेत. मग उचलायला जाळी कसली हाय त्यांची? नायलॉनची असंल. नायलॉनची गाठ टोचती. खवलं निघतं, अन् खवलं गेलेला मासा पाण्यात सोडला तरी जगत नसतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून क्रोशाचा मऊ सुती दोरा मागवला. जाळं विणायची लाकडी सुई त्यांनी गावाहून बरोबर आणली होती, का ते त्यांनाच ठाऊक. दहा दिवस खिडकीशी बसून त्यांनी तुमच्यासाठी मासा उचलायची जाळी विणली. गाठी इतक्या बारीक की बोट फिरवलं तर लागत नव्हत्या. मध्येच ते ती गालाला लावून बघायचे.

आणि मी तुम्हाला फोन करून सांगितलं, "सर, आबांना एवढा प्रवास झेपणार नाही. गुडघे फार दुखतात."

फोन हॉलमध्ये होता आणि आबा दारात उभे होते. ते रोज कॅनॉलपर्यंत चालत जाऊन यायचे.

"माझे गुडघे कधी दुखले रे?"

मी रिसीव्हर जागेवर ठेवला.

"सांगितलं नाहीस होय त्यांना. आपण कोण ते."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी जाळीची घडी केली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "असू दे. जाळी तरी धाड. कुणी केली ते सांगू नको."

मी तीही धाडली नाही. तुम्ही विचारलं असतंत, सर. तुम्ही प्रत्येक वस्तूबद्दल विचारायचात, कुठे मिळाली, कुणी केली, कशी केली. आणि ती जाळी हातात घेतल्यावर तुम्हाला दुकानातली म्हणून फसवता आलं नसतं. मी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकली. दोन वर्षांनी आबा गेले. तुमचा फोन आला, तुम्ही म्हणालात, "त्यांना भेटायचं राहून गेलं रे. गुडघे बरे असते तर..."

त्यानंतरही तीन मे महिने गेले. सांगायचं ठरवून मी निघायचो आणि न सांगता परत यायचो. आता इतक्या उशिरा कसं सांगू, हे कारण दर वर्षी थोडं थोडं मोठं होत गेलं. या वर्षी तुम्ही फोनवर म्हणालात, "या वेळी पोरालाही आण. त्याला मी शिकवतो, तुझा तो खांदा त्याच्यात उतरायच्या आत." मी म्हटलं, नक्की. मे महिन्याला पाच आठवडे होते. आठवड्याने वहिनींचा फोन आला.

तुमचं सगळं झाल्यावर चौथ्या दिवशी वहिनींनी रॉड आणि माश्यांची ती काळी पत्र्याची पेटी माझ्यापुढे ठेवली. "हे तुझंच आहे. तुझ्याशिवाय बोटीत कुणाला घेत नव्हते." निघताना मी माळ्यावरची पिशवी बॅगेत घातली होती. का घातली ते मला सांगता येत नाही. आता कुणाला द्यायची होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॉखवर गेलो. आंगस आता पंचाहत्तरीला आला आहे, तरी वल्ही सोडत नाही. मी त्याला जाळी दाखवली. त्याने ती उजेडात धरली, एक एक गाठ चाचपली, काही विचारलं नाही. तुमच्या जुन्या जाळीचं कडं खोलून त्यावर ती चढवून दिली. अगदी बेताची बसली. तुमची जागा आम्ही रिकामी ठेवली.

थंडी होती, लाट होती, मासा हलत नव्हता. पेटीच्या वरच्या कप्प्यातल्या माश्या मी बदलून बदलून पाहिल्या. सगळ्यांचे उलटे काटे दाबलेले, तुमच्या पकडीच्या खुणा अजून दिसतात. मग काळ्या रंगाची एखादी मिळते का म्हणून खालचा कप्पा उघडला. तो मी चौदा वर्षांत कधी उघडलेला नव्हता. त्यात त्याच माश्या होत्या, त्याच रंगांच्या, तशाच ओळीत. काटे सगळे शाबूत.

"आंगस, हे काय?"

आंगसने वल्ही दोनदा मारली. "वरचा कप्पा तुम्ही येणार तेव्हाचा. खालचा एरवीचा."

"एरवी म्हणजे?"

"एरवी आम्ही खायचो." तो अवघडला होता. "माझ्या घरी. ओटच्या पिठात घोळवून, लोण्यात. तुम्ही इथे यायच्या आधीपासून. म्हणायचा, माझ्या बायकोला सांगितलंस तर तुझी बोट बुडवीन."

"आणि मला?"

"तुमच्या बाबतीत तो फार जपायचा. त्या मुलाचं घर कडक आहे, म्हणायचा. त्याला कळलं तर मी त्याच्या मनातून उतरेन."

सर, हे ऐकल्यावर मला आधी हसू आलं. तुम्ही माझ्या मनातून उतरायला भीत होतात. मी तुमच्या. एका बोटीच्या दोन टोकांना बसून आपण दोघांनी एकमेकांसाठी किती मासे सोडून दिले! कुणाला भूक नव्हती म्हणून सोडले असते तर गोष्ट वेगळी. माझ्या एका वाक्याने आपण तिघं, चौघं, आंगसच्या टेबलाशी बसून जेवलो असतो. आबांनी तुम्हाला मरळ कशी साफ करतात ते दाखवलं असतं. तुम्ही त्यांना हजार प्रश्न विचारले असतेत आणि त्यांनी तुम्हाला 'सोडून देतेत' यावरून शेवटपर्यंत चिडवलं असतं. ते भांडण खरं झालं असतं. मी तुमच्यावर ओझं टाकलं आणि तुम्ही ते कुणाला न सांगता, पक्कड घेऊन, वर्षानुवर्षं वाहिलंत.

दुपारी एक मासा आला. दिवसातला एकच. पाऊण पौंडाचा असेल, पाठ मधासारखी, अंगावर काळे आणि लाल ठिपके. मी तो ओढला नाही, त्याचा त्याला येऊ दिला, तुम्ही शिकवलं तसं. आंगसने आबांची जाळी पाण्याखाली धरली आणि तो त्यात येऊन निजला. माशी वरच्या कप्प्यातली होती, हात लावताच निघाली.

"सोडायचा?" आंगसने विचारलं.

मी उजवा अंगठा पुढे केला. झालं. मासा फळीवर ठेवला आणि तुमच्या रिकाम्या जागेकडे बघून मोठ्याने म्हणालो, "सर, माझे वडील भोई होते."

आंगसला मराठी कळत नाही. त्याने मान वर केली. मी त्याला इंग्रजीत सांगितलं, माझे वडील मासे धरायचे, नदीत, जाळ्याने, पोटासाठी. ही जाळी त्यांनी विणली.

"अय," आंगसने होकार भरला. "खांदा बघितला तेव्हा शंका आली होती. अंगठा बघितला तेव्हा खात्री झाली."

"मग सरांना कधी बोलला नाहीस?"

"ते तुम्ही सांगायचं होतं," तो म्हणाला, आणि बोट काठाकडे वळवली.

आंगसच्या घरी, तुम्ही बसायचात त्या खुर्चीवर बसून मी तो खाल्ला. चांगला होता, सर. ओटचं पीठ जरा जास्त झालं होतं.

संध्याकाळी वहिनींना सगळं सांगितलं. तुमचं आणि माझं, दोन्ही. त्या बराच वेळ पदराचं टोक दुमडत राहिल्या. "यांचं मला ठाऊक होतं," म्हणाल्या. "कोटाला लोण्याचा आणि मासळीचा वास यायचा. मला काय नाक नाही? पण तुझं..." मग एकदम विचारलं, "खरं सांग. माझी वांग्याची भाजी तुला आवडायची का?"

"नाही, वहिनी."

त्या हसल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच, असं त्याच म्हणाल्या. हसता हसता त्यांना रडू आलं आणि मी आत जाऊन चहा ठेवला.

तुमचा रॉड दारामागे आहे हे वर सांगितलंच. जाळी मी मागच्या अंगणात दोरीवर वाळत घातली होती. लॉखवरून परत आलो त्या दिवशी ती उजेडात धरून नीट पाहिली, आबा पाहायचे तशी, प्रत्येक घर बोटाने उघडून. मासा तिच्यात चांगला मिनिटभर होता. एकही खवलं चिकटलेलं नव्हतं. ते तुम्हाला दाखवायचं होतं.